सहा तास धुवायचं नाही

(मानपाडा. नयनच्या घराचा ओटा. सकाळचे सव्वाअकरा. नयनची आई ठमाबाई सुपात जवळा निवडत बसली आहे. नयनच्या हातात सेंटची नवी बाटली, समोर ओळखीचे अत्तरशौकीन दौलतकाका.)

नयन : घाई नको, काका. आधी कागदाच्या पट्टीवर. तुमचाच नियम आहे.

दौलत : पट्ट्या संपल्या माझ्या. लग्नपत्रिका कुठे येतात हल्ली. सगळे फोनवरच बोलावतात.

नयन : ह्या घ्या. आमच्या करिश्माच्या, बहिणीच्या, साखरपुड्याच्या उरलेल्या, मी कातरून ठेवल्यात.

दौलत : चकचकीत कागद आहे हा. याच्यावर वास बसत नाही, घसरतो. असू दे. मार एक फवारा. लांबून. लांबून रे.

नयन : मारला. बोला.

दौलत : थांब. आधी स्पिरिट उडू दे. पहिल्याच क्षणी जो बोलतो त्याला काही कळलेलं नसतं.

नयन : मी तर दुकानातच बोल्लेलो, पॅक करा म्हणून.

दौलत : म्हणूनच तुझ्याकडे अकरा बाटल्या अशा आहेत की ज्या तूच लावत नाहीस. हं.

नयन : काय हं?

दौलत : लाकडाच्या वखारीत बसून कोणीतरी संत्रं सोलतंय.

नयन : बास. हेच. दोन दिवस मी हेच शोधत होतो. अत्तरांच्या ग्रुपवर मी टाकलं, 'एकदम कडक, बॉस लोकांसाठी'.

दौलत : वाचलं मी. बॉस लोकांना नाक वेगळं असतं का?

नयन : तुम्ही उत्तर नाही दिलंत. तीन महिने झाले, तुम्ही ग्रुपवर काहीच लिहीत नाही. तो कल्याणचा पोपट विचारत होता, टपालवाले काका कुठे गेले म्हणून. बोलतो, त्यांनी लिहिल्याशिवाय बाटली घेतल्यासारखीच वाटत नाही.

दौलत : काय लिहू? वासच घेत नाही, तर लिहायचं काय.

ठमाबाई : मना तं बाथरूम धुतल्यावानी वाटतंय.

नयन : आई, दुबईवरनं मागवलाय तो.

ठमाबाई : दुबईत बाथरूम धूत नाय का?

दौलत : ठमाताई म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. सुरुवातीला तो साफसफाईचा भाव आहे. पण तो जाईल. दहा मिनिटांत जाईल. चांगल्या अत्तराची सुरुवात नेहमी जरा खोटी असते, दुकानात विकायला केलेली. खरं काय ते शेवटी कळतं.

नयन : तुमचा डबा काढू का बाहेर? नुसत्या बघा बाटल्या. आईनं जिवापाड जपल्यात.

ठमाबाई : तुमीच बोल्लेलात, थंड, अंधारी जागा पायजे. मी तांदलाच्या कोठीत पुरून ठेवल्यात. घरात तीच एक जागा हाय जिथं नयन हात घालत नाय.

दौलत : तांदळाला वास नाही ना लागला?

ठमाबाई : लागला. परवाची भाकर खाल्ली तं ह्याचे बाबा बोलले, कुनाच्या लग्नात जेवतंय का मी.

दौलत : माफ करा, ठमाताई. अजून थोडे दिवस. दोनच केमो राहिल्या, आजची धरून. मग नेतो घरी.

ठमाबाई : मी कुठं न्या बोल्ली. राहू देत. कशी हाय शेवंती?

दौलत : कालपासून मृणालकडे आहे, तिच्या बहिणीकडे, ठाण्याला. तिथून हॉस्पिटल जवळ पडतं. आज सकाळी तिनंच नेलं तिला. एकालाच बसू देतात शेजारी. दोनला सलाईन संपेल. तोवर मी पोचायचं आणि घरी आणायचं.

नयन : गाडी पुसून ठेवलीय. रात्रभर काचा खाली होत्या, मच्छर भरलेत आत, पण वास शून्य. ते वासाचं लटकतं झाड काढून टाकलं त्याला तीन महिने झाले. गाडीत चहासुद्धा पीत नाही कोणी. मित्र बोलतात, गाडी आहे का देऊळ.

दौलत : केमो सुरू झाल्यापासून कुठलाच वास तिला सोसत नाही, टॅक्सी तर चालतच नाही. प्रत्येकात काहीतरी लिंबाच्या वासाचं ठेवलेलं असतं. दोन चौक गेले की ती माझा हात दाबते. मग उतरा, रस्त्याच्या कडेला बसा. तुझी गाडी नसती तर मला नाही माहीत काय केलं असतं.

नयन : सोडा ना, काका. बारापर्यंत निघा. शीळफाट्याला आज काम चालू आहे, अडकाल. अहो, काका. पट्टीवर. काका, मानेवर कुठं मारताय? दोनदा? आणि शर्टावर? अहो, बाटली द्या इकडे.

दौलत : घे.

नयन : काय केलंत हे?

दौलत : हात गेला. सवयीनं.

नयन : काका, हा बारा तास टिकतो. मी त्याच्यासाठीच घेतला. परवा लावून जिमला गेलो, आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी टॉवेलला येत होता. करिश्मा बोल्ली, टॉवेलचं लग्न लावून दे.

दौलत : बारा तास कुठलंच टिकत नाही. ते खोक्यावर लिहायचं असतं.

नयन : आणि काकी?

दौलत : हो.

नयन : हो काय? मागच्या वेळी लिफ्टमध्ये कोणीतरी डिओ मारलेला, तेव्हा काय झालेलं?

दौलत : तळापासून तिसऱ्यापर्यंत तिनं श्वास धरला. चौथ्यावर दार उघडलं आणि तिथंच उलटी. जोशांच्या चपलांवर. मी सगळं पुसलं. तिनं मग दोन दिवस जोशांना तोंड दाखवलं नाही, जशी काही चूक तिचीच.

ठमाबाई : चला, उठा. मोरीत या.

दौलत : नियम आहे, ठमाताई. अंगावर मारलं की सहा तास धुवायचं नाही, चोळायचं नाही. तेव्हा कुठे मत देता येतं.

ठमाबाई : मत मंग द्या. शर्ट कारा. नयन, चिंच आन भिजवलेली. सकालीच घातलीय कालवनाला.

नयन : चिंचेनं जातं?

ठमाबाई : मासली साफ केल्यावर हातांना काय लावतंय मी? तुजा सेंट? चिंचेचा पानी लावतंय. बोंबलाचा वास जातंय तं ह्या संत्र्याचा काय घेऊन बसलास.

नयन : थांबा, काका, हलू नका. मानेवर ओततो. थंड लागेल.

दौलत : लागलं.

ठमाबाई : चोल. नीट चोल. कानामागं पन. आता वास घे.

नयन : मला काय कळतंय? माझ्या अंगावर चार आहेत सकाळपासून. थांबा, कोपराचा वास घेऊन नाक साफ करतो. हं. आता... आता वखारीत बसून कोणीतरी संत्रं आणि चिंच खातंय.

दौलत : वेलचीही आली आहे मागून. तुझ्या लक्षात आली का?

नयन : काका, वेलचीचं सोडा. बारा वाजायला आले. एक काम करतो, मी जातो आणायला.

दौलत : तू? तू बसलास तर गाडी गेली. तीन महिन्यांची मेहनत तुझी.

नयन : मग आई जाईल. मी कोणालातरी ड्रायव्हर बघतो.

ठमाबाई : मी सकालधरनं जवला निवडतंय. ती बिचारी मना बघून गारीत बसंल का पलून जाईल?

नयन : म्हणजे आपल्यात एक माणूस धड नाही.

दौलत : नाही.

नयन : पण मला एक कळत नाही. तुम्ही, काका? ग्रुपवर नियम कोणी घातला की अंगावर मारायच्या आधी घरच्या माणसाला विचारा? तुम्ही. तीन महिने साबण लावला नाहीत तुम्ही. डाळीच्या पिठानं आंघोळ केलीत. पावडर नाही, तेल नाही. मी बाटली पुढं केली तरी तुम्ही मागं सरायचात. असा कसा हात गेला?

ठमाबाई : हात नाय गेला.

नयन : म्हणजे?

ठमाबाई : मी समोर बसलंय ना. पयला टोपन कारला. मंग घड्याल बघितला. मंग जरा थांबले. मंग मारला.

नयन : काका? बसा तुम्ही. इथं बसा, पायरीवर. टॉवेल घ्या.

दौलत : काल ती मृणालकडे गेली. घरात मी एकटा. स्वयंपाक करायचाच नव्हता, मृणालनं डबा दिला होता. मी कढई ठेवली. तेल तापवलं. मोहरी, हिंग, लसूण, कढीपत्ता. खमंग झाली फोडणी.

ठमाबाई : कशाला घातली?

दौलत : कशालाच नाही. वरण नव्हतंच. नुसती फोडणी. खिडक्या लावून घेतल्या आणि कढईशेजारी उभा राहिलो. तीन महिने आम्ही फोडणीशिवाय जेवतोय, ठमाताई. पिवळं पाणी आणि भात. मी डोळे मिटून उभा होतो, अत्तराच्या दुकानात उभा राहतो तसा. आणि मग एकदम भीती वाटली. उद्या ती घरी येणार. म्हणून पडदे काढले, धुतले. फरशी पुसली, दोनदा. कढई घासली, तीसुद्धा पिठानंच. सगळं झालं, पण झोप काही आली नाही.

नयन : मला फोन करायचात.

दौलत : काय सांगू फोन करून? फोडणी घातली म्हणून?

नयन : हो. तेच सांगायचं.

दौलत : सकाळी उठलो, ते पडदे वाळत घातलेले दिसले, आणि वाटलं, दोन वाजू नयेत. आज एक दिवस दोन वाजू नयेत. तिचा कंटाळा नाही आला रे मला. तिचा नाही. पण मी तिला हात लावला की आधी माझ्या हाताचा वास घेते. तिला सांगितलंय मी, काही लावलेलं नाही. तरी घेते. आणि मग लावू देते.

नयन : तिच्या हातात नाही ते, काका.

दौलत : मला माहीत आहे. म्हणून तर कोणाला सांगता येत नाही. बाटली हातात आली तेव्हा वाटलं, हे मारलं की मला जाताच येणार नाही. न जाण्याचं कारण माझ्या हाताबाहेरचं होईल. कोणी काही म्हणणार नाही. चूक झाली म्हणतील.

ठमाबाई : घड्याल का बघितला?

दौलत : सहा तास कितीला होतात ते बघितलं. साडेपाचला.

ठमाबाई : मना वाटलाच.

नयन : आई, तुला काय वाटलं?

ठमाबाई : तुजी आजी, ह्यांची आई, सात वरसां खाटेवर होती. तू पालन्यात. तिचा सगला मीच करायचं. एक दिस म्हेरी गेलेली, दिवा गावाला, सकालची. बोल्ली, दुपारच्या भाकरीला येतंय. आयशीसंगती खाडीत शिंपल्या काराला उतरली. पानी वसरलेला, चिखलातून चालत पार पलीकडं गेलंय मी. आई हाका मारते, ठमे, फिर मागं, भरती लागंल. मी ऐकून न ऐकल्यावानी.

दौलत : मग?

ठमाबाई : मंग लागली भरती. पलीकडंच राहिली. बांधावर बसून राहिली, पानी उतरस्तवर. सहा तास.

नयन : तुला माहीत नव्हतं भरती येईल?

ठमाबाई : भरतीची वेल मना शालेत जायच्या आधीपासून पाठ. तिथी सांग, वेल सांगतंय.

नयन : घरी काय सांगितलंस?

ठमाबाई : अडकलंय म्हनून सांगितला. तुजे बाबा बोलले, देवानं वाचवली. मी बोल्ली, हां. आज पयल्यांदा बोलतंय हा. तेव्हा तुमी काय लय मोठा पाप केलाय असा तोंड करू नका. फोन वाजतोय तुमचा.

नयन : काकीचा आहे.

दौलत : हात चिंचेचे आहेत माझे. उचल. नको, थांब. उचल. स्पीकरवर टाक.

शेवंती : अहो? कुठवर आलात?

दौलत : मी... नयनकडे आहे अजून.

शेवंती : निघाला नाहीत ना? बरं झालं.

दौलत : का? काय झालं? त्रास होतोय?

शेवंती : नाही हो. नेहमीचंच. पण सिस्टरशी बोलले मी. आठपर्यंत हा पलंग मोकळा आहे म्हणाली. पडून राहू का विचारलं, तर राहा म्हणाली. तुम्ही दोनला नका येऊ.

दौलत : मळमळतंय का फार? गाडीची भीती वाटते का? गाडी स्वच्छ आहे, नयननं रात्रभर...

शेवंती : गाडीचं नाही. मला इथे झोप लागते.

दौलत : घरी नाही लागत?

शेवंती : घरी तुम्ही दाराशी उभे राहता.

दौलत : मी कधी...

शेवंती : दर दहा मिनिटांनी. मी डोळे मिटून असते, पण मला कळतं. मग मी जरा कूस बदलते, जरा हूं करते. म्हणजे तुम्हाला वाटावं, ठीक आहे ही. मग तुम्ही जाता. परत दहा मिनिटांनी. फार दमायला होतं हो त्यानं. औषधानं नाही होत एवढं.

दौलत : मला वाटायचं, तुला बरं वाटत असेल.

शेवंती : वाटतं ना. पण दमते. इथे मृणाल आहे, ती मोबाइल बघत बसते. माझ्याकडे ढुंकून बघत नाही. इतकं छान वाटतं. रागावलात?

दौलत : नाही. शेवंती, मी अंगाला वास मारलाय.

शेवंती : कळलं.

दौलत : फोनवर?

शेवंती : तुम्ही वास मारला की जरा छाती काढून बोलता. बत्तीस वर्षं ऐकतेय. मघाशी 'नयनकडे आहे' म्हणालात, तेव्हाच म्हटलं, हं.

दौलत : चुकून नाही मारला. ऐकते आहेस?

शेवंती : ऐकतेय.

दौलत : मुद्दाम मारला. यायला लागू नये म्हणून.

शेवंती : मीही सिस्टरला सांगितलंय, नेणारा माणूस आठशिवाय येऊ शकत नाही. फार कामात असतो तो.

दौलत : मला निवृत्त होऊन वर्ष झालं.

शेवंती : ते तिला कुठे माहीत आहे. कुठला मारलाय?

दौलत : नयनचा आहे. नवा. दुबईचा.

शेवंती : सांगा ना. कसा आहे?

दौलत : नको. तुला मळमळेल.

शेवंती : सांगण्यानं नाही मळमळत. मघाशी सिस्टरनं पोह्यांचा डबा नुसता उघडला, तर मी नाक दाबून बसले. पण काल मृणाल अर्धा तास सुक्या मटणाचं सांगत होती, खोबरं भाजण्यापासून, तर काही झालं नाही. उलट बरं वाटलं. तीन महिन्यांत तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. बाटल्या नेल्यात त्या नेल्यात, बोलणंही नेलंत.

दौलत : मला वाटलं...

शेवंती : सांगा. पूर्वी तुम्ही सांगत बसायचात आणि मी पोळ्या लाटत हो हो करायचे. आता पोळ्या नाहीत. ऐकते नीट.

दौलत : सुरुवातीला संत्रं होतं. सोललेलं. लाकडाच्या वखारीत बसून कोणीतरी सोलावं तसं. नखात साल गेलेली.

शेवंती : मग?

दौलत : आता संत्रं गेलं. वेलची आलीय. हिरवी, ताजी नाही. आपल्या त्या पितळी डब्यात तळाशी राहते ना, दिवाळीला डबा उघडला की येते, ती. जरा धूळ धरलेली. आणि मागे चिंच.

शेवंती : चिंच कुठून आली?

दौलत : ती ठमाताईंची.

ठमाबाई : मी धुवाला बसवलाय त्यांना, शेवंतीबाय. निघतच नाय.

शेवंती : ठमाताई, नका धुऊ. राहू द्या. अहो, पुढे? वेलचीनंतर?

दौलत : पुढचं अजून कळत नाही. लाकूड आहे खाली कुठेतरी. ओलं. कदाचित थोडं कातडं, नव्या पाकिटासारखं. पण शेवटी काय राहील ते आता सांगता येत नाही. सहा तासांनी कळतं.

शेवंती : म्हणजे किती वाजता?

दौलत : साडेपाच.

शेवंती : मग साडेपाचला मला फोन करा आणि शेवटी काय राहिलं ते सांगा. त्याच्यानंतर आंघोळ करा, पिठानं, आणि मग या. तोवर मी झोपते.

दौलत : झोप.

शेवंती : आणि अहो, ते पडदे धुतलेत का? समोरच्या दर्शनानं फोटो पाठवलाय, विचारतेय, घरी काही कार्यक्रम आहे का.

दौलत : धुतले.

शेवंती : फोडणी केलीत ना? लसणाची?

दौलत : लसणाची.

शेवंती : तीही सांगा साडेपाचला. आधी फोडणीचं सांगा, मग ह्याचं. ठेवते.

नयन : कट झाला. काका, मी... मी जरा गाडीच्या काचा लावून येतो. ऊन येतंय आत.

ठमाबाई : गारी सावलीत हाय, नयन.

नयन : तरी बघून येतो.

ठमाबाई : जा. दौलतभाऊ, ह्यांचा एक सदरा देतंय, धुतलेला. आंघोल झाल्यावर घाला. हा शर्ट हितंच राहू दे.

दौलत : द्या.

ठमाबाई : तं पानी कवा तापवू?

दौलत : साडेपाचनंतर. अजून वेलचीच चालू आहे.